नुस्त्याची आंगवण

सप्टेंबरमधला शेवटचा रविवार, सकाळ. देवळात हजर: मी, माझे यजमान, पुजारी. गैरहजर: सासूबाई, ज्यांच्यासाठी आम्ही गेलो होतो. त्यांना न्यायला हवं होतं, निदान विचारायला तरी. दुसऱ्या दिवशी त्यांना ऑपरेशनसाठी भरती करायचं होतं, बॅग भरायची होती, रिपोर्ट क्रमाने लावायचे होते. विचारणं माझ्या यादीतच आलं नाही.

आमच्या भागात नवसाला आंगवण म्हणतात. मोठं आजारपण आलं की घरातलं कोणीतरी देवापुढे उभं राहतं आणि एखादी आवडती गोष्ट सोडतं. आमच्यासारख्या मासेखाऊ घरात बहुतेक वेळा नुस्तंच सुटतं. नुस्तं म्हणजे मासळी. त्याच्याइतकं आवडतं घरात दुसरं काही नसतं.

मी डिचोलीला एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. परिपत्रकं, आदेश, खुलासे यांचे मसुदे करण्यात माझी वर्षं गेली. त्यामुळे आंगवणसुद्धा मी मसुद्यासारखी केली. आई बऱ्या होऊन पुन्हा चुलीपाशी उभ्या राहीपर्यंत धारगळच्या आमच्या घरात नुस्तं, मटण, अंडं शिजणार नाही, घरच्या भांड्यात येणार नाही आणि घरच्या कोणाच्याही ताटात पडणार नाही. पळवाट राहू नये म्हणून मी प्रत्येक शब्द तोलून बोलले. यजमान मान हलवत होते.

पुजाऱ्यांनी गाऱ्हाणं घालायला हात जोडले आणि मध्येच थांबून मला विचारलं, "आजारी माणसाक सूट ठेवया मगो?"

"नको," मी म्हटलं. "अर्धवट नको. घर म्हणजे सगळं घर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग देवाकडे, आणि मी सांगितलं तसंच गाऱ्हाणं घातलं.

*

खरं तर आमची चूक त्याच्याही आधी सुरू झाली होती. श्रावणात घरात शिवराक असतं, म्हणजे मासळी बंद आणि भाज्या-उसळींवर कारभार. त्या महिन्यात सासूबाई दरवर्षीच कमी जेवतात आणि दरवर्षीच कुरकुरतात. यंदा त्या अगदीच दोन घास खाऊन उठायच्या. मी म्हणायचे, "चवथ झाली की जेवतील." यजमान तेच म्हणायचे. त्यासुद्धा तेच म्हणायच्या. ब्लाउज सैल झाले तेव्हा मी ते शिंप्याकडे देऊन आत घेऊन आणले आणि एक काम झालं म्हणून खूश झाले.

गणपती गेले. दुसऱ्याच सकाळी मासेवाली स्कूटरचा हॉर्न वाजवत दारात आली. मी चांगले बांगडे घेतले आणि त्यांचं हुमण, म्हणजे कालवण केलं. खोबऱ्याचं, तिरफळं घातलेलं, सासूबाईंच्या हाताचं असतं तसं करायचा प्रयत्न केला. त्यांनी ताट पुढे ओढलं, वास घेतला आणि ताट बाजूला सारलं.

"पोट भरलेला असा गो," त्या म्हणाल्या. सकाळपासून त्यांनी फक्त अर्धा कप चहा घेतला होता.

त्या दिवशी आम्हाला कळलं. पुढे दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा तपासायला गेला, आणि पोटाचा कॅन्सर असं निदान झालं. श्रावणाचा तो पूर्ण महिना आम्ही भाजीपाल्याच्या नावावर घालवला होता.

*

ऑपरेशन झालं. पोटाचा निम्म्याहून जास्त भाग काढला. डॉक्टरांनी सांगितलं, जखम भरली की केमो सुरू करायचा, पण अंगात ताकद हवी. वजन आणखी उतरलं तर डोस पुढे ढकलावा लागेल, आणि तरीही उतरतच राहिलं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. सासूबाईंनी तेवढं एकच नीट ऐकलं.

"नळी नको," गाडीत बसल्याबरोबर त्या म्हणाल्या. "माका तोंड असा."

त्यानंतर घरात सगळं त्या नळीभोवती फिरायला लागलं. कोणी तिचं नाव घेत नव्हतं, पण वजनाचा काटा तिच्याच दिशेने सरकतोय का, एवढंच आम्ही पाहत होतो.

आहारतज्ज्ञ मॅडमनी समजावून सांगितलं. पोट लहान झालंय, एका वेळी थोडंच मावेल, म्हणून दिवसातून बऱ्याचदा द्या. जेवताना पाणी पाजू नका, मध्ये पाजा. जे द्याल ते थोड्यात जास्त ताकदीचं द्या: पेजेत तूप, दुधात दुधाची पावडर, उकडलेलं अंडं, मऊ मासळी. केमो सुरू झाला की तोंडाची चव बदलेल, धातूसारखं लागेल, तेव्हा आंबट-गोड करून पाहा. जबरदस्ती करू नका, ताटावरून भांडू नका. आणि कोणीतरी सोबत बसून जेवा.

मी सगळं लिहून घेतलं. अंडं आणि मासळी या शब्दांशी आल्यावर पेन थांबलं. मी म्हटलं, "मॅडम, शिवराकात काय चालेल?" त्यांनी मूग, पनीर, दही, शेंगदाण्याचं कूट, प्रोटीनची पावडर सांगितली. चालतं का, असं विचारलं तर माणसं पर्याय देतातच. आमच्या घरात अंडं कशामुळे बंद आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

फ्रिजवर तक्ता लागला. मोबाइलमध्ये घंटा लावल्या. मी शाळेत गेले की यजमानांनी कोणत्या वेळी काय द्यायचं तेही लिहून ठेवलं. पहिल्या दिवशी घंटा वाजली तेव्हा सासूबाई पलंगावर उठून बसल्या आणि हात जोडले.

"काय झालं, आई?"

"शाळेची घंटा झाली मगो. प्रार्थना म्हणतंय."

मी हसले. वाटी पुढे केली.

"ह्या काय?"

"नाचण्याची पेज. तूप घातलंय."

"काल पण हीच होती."

"काल दूध घातलं होतं."

"पोट अर्धा कापून नेला, आनी तू पुराय भरूक बघतंस," त्या म्हणाल्या, आणि दोन चमचे घेऊन वाटी माझ्या हातात परत दिली. मी तिसरा चमचा भरून त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी तोंड उघडलं, कारण मी नेला होता. गिळताना त्यांनी डोळे मिटले. तक्त्यावर मी बरोबरची खूण केली.

अशा कितीतरी खुणा मी केल्या. त्या जेवायच्या तेव्हा मी समोर उभी असायचे, हातात वाटी घेऊन. आमची जेवणं मागाहून व्हायची, स्वयंपाकघरात, घाईघाईत. सोबत बसून जेवा हे मी ऐकलं होतं, पण त्यासाठी तक्त्यात रकाना कसा पाडायचा ते मला कळलं नव्हतं.

आंगवणीचं त्यांना कसं कळलं? मासेवालीमुळे. ती रोज आमच्या दारावरून जायची, पण पुढच्या वळणावर जाऊनच हॉर्न द्यायची. गावात बातमी पोहोचलेली होती. ज्या घरात आंगवण आहे त्या दारात हॉर्न कसा वाजवायचा, हा तिचा विचार.

"ती हंय कित्याक थांबूक नाय?" सासूबाईंनी विचारलं. मग मी सांगितलं. सगळी कलमं सांगितली.

त्यांनी उशीच्या अभ्र्याचा कोपरा दुमडला.

"देवाक सांगलंस," त्या म्हणाल्या. "माका विचारलंस?"

"तुम्हाला टेन्शन नको म्हणून…"

"आता सांगून झाला ता झाला. देवाक दिलेला तोंड फिरवूक येणा नाय." त्यांनी मला बोल लावला नाही. आंगवण मोडू म्हणाल्या असत्या तर मला सुटल्यासारखं झालं असतं. त्या म्हणाल्या नाहीत. देवाचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

*

पहिला डोस झाल्यावर तोंडाची चव गेली. पाणीसुद्धा लोखंडाचं लागतं म्हणायच्या. मी स्टीलची वाटी काढून काचेची आणली, चमचा लाकडी आणला, पेजेत लिंबू पिळलं, नाचण्याच्या सत्त्वाचं तिझान गूळ घालून केलं. प्रोटीनच्या पावडरीचा वास आला की त्या भिंतीकडे तोंड करायच्या. काटा थोडा उतरला. मग आणखी थोडा.

एक दिवस शाळेत लवकर सुट्टी झाली. मी घरी पोहोचले तर पलंग रिकामा. यजमान मागे माडाला पाणी लावत होते. म्हणाले, "शेजारी गेली. काकी घेऊन गेली, हात धरून."

शेजारच्या काकी म्हणजे सासूबाईंच्या लग्नापासूनच्या मैत्रीण. त्यांच्या ओसरीवर दोघी खाली बसल्या होत्या. काकींच्या ताटात भात होता, त्यावर लालसर हुमण, आणि त्याच ताटातून सासूबाई बोटांनी कालवून खात होत्या. मऊ केलेला भात, मासळीचा काटे काढलेला तुकडा. काकी काहीतरी सांगत होत्या, सासूबाई हसत होत्या. हसता हसता पुढचा घास उचलत होत्या.

माझ्या तोंडून निघालं, "आई! आंगवण!"

मला वाईट काही म्हणायचं नव्हतं. मला खरं तर आनंद झाला होता. पण तोंडातून तेच निघालं, शाळेच्या ऑफिसात एखाद्याने चुकीच्या रकान्यात सही केली की निघतं तसं.

सासूबाईंनी घास परत ताटात ठेवला. बोटं ताटाच्या कडेला पुसली.

"माझ्या घरात असा ही," काकी म्हणाल्या, आवाज चढवून. "माझा ताट, माझा हुमण. तुझी आंगवण तुझ्या उंबऱ्याच्या आत. इतके दिवसान बिचारी हातान खाय होती, तोंडातलो घास काढून घेतलंस!"

"काकी, मला तसं…"

"रव गो," सासूबाई काकींना म्हणाल्या. "तिचा काय चुकला? 'कोणाच्याही ताटात' म्हटलेला असा तिणा. मी घरचीच मगो."

त्या उठायला लागल्या. मी हात धरायला गेले. त्यांनी काकींचा धरला.

नंतर त्या पुन्हा शेजारी गेल्या नाहीत. काकी दोनदा बोलवायला आल्या, तर "पोट भरलेला असा" म्हणाल्या. हे शब्द मी याआधी बांगड्याच्या ताटापाशी ऐकले होते. पण घंटा वाजली आणि मी पेज घेऊन उभी राहिले.

*

पुढच्या तपासणीला काटा बराच खाली होता. डॉक्टरांनी डोस पुढे ढकलला. म्हणाले, तोवर वजन थांबलं पाहिजे, नाहीतर नळीचं बघू. सासूबाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

आहारतज्ज्ञ मॅडमनी विचारलं, "अंडं, मासळी देताय का?"

"आमच्या घरात चालत नाही सध्या."

"कोणाला चालत नाही?"

 यजमान जमिनीकडे बघत होते. सासूबाई म्हणाल्या, "हिका." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, जसं काही मीच पेशंट होते.

गाडीत मी यजमानांना म्हटलं, "आपण देवळात जाऊ. पाकळी लावून विचारू, सूट मिळते का."

आमच्याकडे देवाला विचारायचं असेल तर मूर्तीला फुलांच्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"डावी पडली तर?" ते म्हणाले.

तेच माझंही भय होतं. आणि दुसरं, ते मी बोलले नाही: उजवी पडली, आंगवण सोडली आणि पुढच्या स्कॅनमध्ये काही निघालं तर? मग ते मी सोडलेल्या नुस्त्यामुळे, असं मला आयुष्यभर वाटलं असतं. नाही सोडली आणि नळी घातली तर तेही माझ्यामुळेच. दोन्हीकडून माझ्याच नावावर जमा. मी कामांच्या यादीत लिहिलं: देऊळ, पाकळी. त्याखाली गॅस सिलिंडर होता, वीजबिल होतं. ती दोन्ही झाली.

*

तो बुधवार होता. मी रजेवर होते. मासेवालीची स्कूटर आली आणि नेहमीप्रमाणे दारावरून मुकाट पुढे गेली. सासूबाई पलंगावरून ओरडल्या, इतक्या जोरात की मी दचकले. एवढा आवाज त्यांच्यात शिल्लक आहे हे मला माहीतच नव्हतं.

"गो! थांब गो!"

मासेवाली परत आली. गेटपाशीच थांबली. "आजी, आंगवण असा मगो तुमच्याकडे?"

"असा. काय हाडलंस?"

"बांगडे असत. आनी वेर्ल्यो."

"बांगडे दी. बारीक नको." मग माझ्याकडे वळून, "पैसे दी तिका."

"आई, पण…"

"उचल माका."

मी उचललं नाही, फक्त आधार दिला. त्या स्वयंपाकघरात आल्या. अंगात काही राहिलं नव्हतं, हाताला हाडच लागत होतं. आमच्याकडे गॅस आहे, पण मागच्या बाजूला चूलही आहे, पाणी तापवायची. त्या गॅसपाशी थांबल्या नाहीत. मागे गेल्या, चुलीजवळच्या खांबाला एका हाताने धरलं आणि सरळ उभ्या राहिल्या. धाप लागली होती.

"खंय उभी असा मी?"

"चुलीपाशी," मी म्हटलं.

"मगे? काय सांगलेलंस तू देवाक?"

"बऱ्या होऊन, असं म्हटलं होतं, आई."

"ता डॉक्टर बघतलो. तू हंयचा बघ." त्यांनी खांबावर हाताची पकड बदलली. "आता नारळ किसूक घे. पाय दुखतत माझे."

मी खोबरं किसलं. त्यांनी खांबाला धरूनच सांगितलं, मिरच्या किती, हळद किती, तिरफळं ठेचून घाल, अख्खी नको. कोकमाची सोलं दोन जास्त टाक, तोंडाक लोखंड लागता. मधेच त्या खाली बसल्या, पाटावर, पाठ भिंतीला टेकवून. पण बसायच्या आधी एकदा चमच्याने हुमणाची चव घेतली आणि म्हणाल्या, "मीठ कमी." मीठ कमी नव्हतं. त्यांच्या जिभेला ते लागत नव्हतं. मी थोडं घातलं, म्हणजे घातल्यासारखं केलं.

ताटं वाढताना मी त्यांचं ताट आधी पुढे केलं. त्यांनी ते परत सरकवलं.

"सगळे बसा. माका बघीत रवलेली माणसा नको."

यजमान बसले. काकींना हाक मारली, त्या आल्या, जेवून आल्या होत्या तरी बसल्या. मी बसले. मोबाइलमधली घंटा वाजली, मी ती बंद केली. सासूबाईंनी भात मऊ कुस्करला, वर हुमण घेतलं, बांगड्याच्या पोटाकडचा तुकडा काट्यांपासून सोडवला. चार-पाच घास खाल्ले. मग थांबल्या. मी तोंड उघडणार होते, काकींनी माझ्या पायाला चिमटा काढला. थोड्या वेळाने सासूबाईंनी आणखी दोन घास घेतले.

"आता पुरे," त्या म्हणाल्या. मी त्यांचं ताट उचलून बाजूला ठेवलं.

मीही जेवले. इतक्या महिन्यांनी हुमण. मला आवडलं, आणि आवडलं याचीच लाज वाटली.

*

एकदम सगळं सुधारलं असं मी लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी काहीच खाल्लं नाही. त्यानंतर अर्धं अंडं पेजेत कालवून घेतलं. कधी वेर्ल्यांचं कालवण, कधी फक्त हुमणाचं पाणी भातावर. पण आम्ही सोबत बसतो. तक्ता अजून फ्रिजवर आहे, त्यावर खुणा करणं मी बंद केलं. पुढच्या वजनाला काटा होता तिथेच होता. डॉक्टरांना तेवढं पुरलं. डोस झाला. नळीचं नाव निघालं नाही. पुढचं स्कॅन अजून व्हायचं आहे.

मासेवाली आता आमच्या दारातच हॉर्न वाजवते. गावाचं म्हणणं, आंगवण पावली. पुजारी वाटेत भेटले, त्यांनीही विचारलं, "फेडूक कधी येतास?" मी म्हटलं, येतो.

फेडायला जायचं म्हणजे देवापुढे उभं राहून काय झालं ते सांगायचं. की आई चुलीपाशी उभ्या राहिल्या, पण बऱ्या होऊन नाही. की आजारी माणसाला सूट ठेवायची का, असं विचारलं होतं आणि मी नको म्हटलं होतं. सासूबाई म्हणतात, "तू एकटीच जा. माझ्या फुड्यात तुका खरा सांगूक जमाचा नाय."

फुलं मी दोनदा आणली, ती सुकली. नारळ त्या बुधवारच्या आठवड्यातच घेऊन देवघराखाली ठेवला होता. काल झाडताना उचलून हलवला, तर आतला गोळा सुटून खुळखुळ वाजला. असा सुकलेला नारळ देवाला चालणार नाही. आधी नवा नारळ आणायचा आहे, मग जायचं आहे.